मशीन धरायची दहा मिनिटं

आमच्या बेकरीतलं जुनं मशीन पावाचं घट्ट पीठ मळायला लागलं की थरथरत ओट्यावरून चालू लागायचं. एकदा तर खाली उडीच मारणार होतं. तेव्हापासून रोज सकाळी दहा मिनिटं नवरा त्याला दोन्ही हातांनी दाबून उभा राहायचा आणि मी शेजारी साच्यांना तेल लावत बोलत राहायचे. माझा गुडघा, शेजारीण, नणंदबाई, सगळं. बिचारा पळून जाणार कुठे?

शेवटी मशीनने मान टाकली. दुकानदाराने नवं दाखवलं. "उचलायला तीन माणसं लागतात, ताई. पाच किलो पीठ घाला, जागचं हलणार नाही. बटण दाबा आणि खुशाल आपल्या कामाला जा."

नवऱ्याची कळीच खुलली. "हेच द्या!"

"याहून जरा हलकं नाही का?" मी विचारलं. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी नवं मशीन सुरू झालं. मेलं खरंच तसूभर हललं नाही. मी मुकाट्याने साचे पुढ्यात ओढले. तेवढ्यात नवरा आला, बाह्या वर सारल्या आणि त्या ढिम्म मशीनवर दोन्ही हात दाबून उभा राहिला.

"हं, बोल," तो म्हणाला. "आमच्या ताईचं काय सांगत होतीस?"