गुरुवारचा अर्धा तास

"या नियमाचं कारण मिळालं नाही. काढू का?" एजंटनं पुन्हा तोच प्रश्न पडद्यावर टाकला.

"थांब रे बाबा," ती पुटपुटली आणि लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात आली. सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

औषधांच्या गोदामाची जुनी संगणक-यंत्रणा एआय एजंटांकडून नव्यानं लिहून घ्यायची होती. एजंट हुशार, पण सांगाल तेवढंच त्यांना ठाऊक. म्हणून महिनाभर खपून तिनं एकेका नियमामागचं कारण खणून काढलं आणि त्यांना पुरवलं. दुपारी हे सगळं संचालकांसमोर मांडायचं होतं. एकही नियम बिनकारणाचा राहिला नाही, तर मुख्य आर्किटेक्टची खुर्ची तिची. त्याच गोदामात शिकाऊ म्हणून लागलेल्या मुलीची.

राहिला होता हा एकच. दर गुरुवारी दुपारी यंत्रणा अर्धा तास आपोआप थांबायची. नियम ती नोकरीला लागली त्या वर्षीचा. शीतगृहही त्याच वर्षी जोडलेलं. म्हणजे तापमानाचीच काहीतरी भानगड असणार. उगाच काढला आणि इस्पितळांची औषधं अडकली तर? पण खरं सांगायचं तर या शोधात तिला मजाही येत होती.

"तू तेव्हा ऑपरेटर होतास," ती कप विसळणाऱ्या नवऱ्याला म्हणाली. "त्या अर्ध्या तासात काय चालायचं?"

"चहा. तुझ्याबरोबर. आपली पाळी जुळायची तो एकच वार. एरवी तुझ्याशी बोलायची हिंमत कुठे होती मला?"

"मस्करी नको. इथे माझी खुर्ची टांगणीला लागलीय."

नियम लिहिणारा माणूस खरं तर घरातच होता. सासरे, त्या यंत्रणेचे पहिले आर्किटेक्ट. आठवडाभर तिनं त्यांचा पिच्छा पुरवला होता. दर वेळी "बघू, आठवलं तर सांगतो" म्हणून ते वर्तमानपत्रात डोकं घालायचे.

आज तिनं बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांच्या हातातलं वर्तमानपत्रच काढून घेतलं.

"बाबा, शीतगृहच ना? कॉम्प्रेसर तापायचा?"

"नाही."

"मग मालाची मोजदाद? बॅकअप?"

"नाही गं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला.

"कारण राहू द्या. निदान एवढं सांगा," तिनं बोटं कळफलकावर ठेवली, "काढला तर काय बिघडेल?"

सासऱ्यांनी दारातून आत, शीळ घालत कप पालथे घालणाऱ्या आपल्या मुलाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आता काही नाही. तुमचं लग्न ठरलं तेव्हाच काढायचा होता, राहून गेला."