काकांची दोन मिनिटं

तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा मात्र वादळ लॉगच उघडून बसली.

वादळ म्हणजे हॉस्पिटलच्या नेटवर्क खोलीतली नवी इंजिनिअर. हे नाव काकांनी ठेवलेलं. आणि काका म्हणजे शेजारच्या खुर्चीत वीस वर्षं ठाण मांडून बसलेले सीनियर. तिचं काम साधंच. नवं मशीन आलं की नेटवर्कच्या यादीत त्याचं नाव घालायचं. यादीत नाव नाही, त्या मशीनचं नेट बंद. ती त्या एका नावाची फाइल बनवायची, ‘रिप्लेस’चा हुकूम लावायची आणि पाठवून मोकळी. नाव जुनं असेल तर बदलतं, नवं असेल तर वाढतं, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं.

पण तिनं नाव घातलं रे घातलं की फोन. ओपीडी बंद, लॅब बंद. ती घाईघाईनं यादी उघडेपर्यंत नेट परत आलेलं आणि सगळी नावं जागच्या जागी. बोंब मात्र तिच्या नावानं. नोकरीत कायम व्हायला उरले होते नऊ दिवस.

लॉगमध्ये, म्हणजे यादी कोणी कधी बदलली त्या नोंदींत, दर वेळी तिच्यामागोमाग दुसरं नाव. बरोब्बर दोन मिनिटांनी. काकांचं.

"काका, माझ्यानंतर तुम्ही यादीत शिरता का हो?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

काका चष्मा पुसत बसले. "कोण म्हणतं?"

"लॉग म्हणतो."

"लॉग वाचायला लागलीस? छान. पाठवण्याआधी मला दाखव म्हटलं, ते काही जमत नाही."

"माझं काम मला येतं."

"हळू बोल, दार उघडं आहे. कायम होईपर्यंत गप राहा, वादळा. मग निवांत सांगतो."

ही तर सरळ धमकी. तिच्या डोक्यात तिडीकच गेली. तारखा, वेळा, नावं कागदावर उतरवून ती तडक साहेबांसमोर.

साहेबांनी काकांना बोलावलं. "यादीत हात घालत होता?"

"हो."

"का?"

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. "चुकलं माझं."

पासवर्ड तिथल्या तिथे बंद. वर सक्तीची रजा. पिशवी उचलताना काका हळूच म्हणाले, "काही पाठवायचं झालं तर आधी मला फोन कर."

"करते की," म्हणत तिनं त्यांचा नंबरच उडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स-रेचं नवं मशीन आलं. तिनं नाव पाठवलं आणि खुशीत कॉफी ओतून घेतली.

फोन वाजला. ओपीडी. मग लॅब. मग आयसीयू.

दोन मिनिटं गेली. पाच गेली. दहा गेली.

तिनं यादी उघडली. यादीत एकच नाव. एक्स-रे.

तिनं लॉग उघडला. या वेळी शेवटच्या रकान्यापर्यंत, ‘किती नावं’ इथपर्यंत वाचला. तिच्या नावापुढे, एक. खाली काकांच्या, दोनशे नऊ. तिच्या, एक. काकांच्या, दोनशे दहा. तिच्या, एक. काकांच्या, दोनशे अकरा.

आज सकाळी तिच्या नावापुढे, एक. आणि त्याखाली ओळच नव्हती.