पाहुण्याचं पाणी

पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन आमदार येसाजीरावांनी एक घोट घेतला आणि तिथल्या तिथे थुंकून टाकला. पाणी खारट होतं, शिवाय घाण वास मारत होतं.

विहिरीवर मनुबाई उभी होती. तिला ते तावातावाने म्हणाले, "गेल्या वर्षी तुमच्या ओटीवर दोन तांबे प्यालो. शहाळ्यासारखं गोड होतं. हे असं कधी झालं?"

त्यांच्या रागाला कारण होतं. सरकारी उधळपट्टी पकडण्यात विधानसभेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खाडीचा फुटका बांध नीट करून या वाडीला नवी विहीर द्या, अशी आठ हजारांची मागणी आली, तेव्हा ते ताडकन उठले होते. "मी स्वतः ते पाणी प्यालोय! विहिरीत खाडी शिरते म्हणे. निव्वळ थाप आहे." बाकं वाजली, पैसे वाचले. त्या भाषणाचं कात्रण अजून त्यांच्या खिशात होतं. आता याच वाडीत जुलाबाने दोघं दगावल्याचं कानावर आलं, तेव्हा लोकांची लबाडी उघडी पाडायला ते कुणाला न कळवता आले होते.

"तवा बी असंच व्हतं, सायेब," मनुबाई म्हणाली. "बांध फुटल्यापासून असंच हाय."

"मग मला दिलंत ते?"

"ते चौलच्या आगरातल्या हिरीचं. तुमी येनार म्हनून माजी लेक राही दोन कोस चालून कळशी घेऊन आली."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

मनुबाईला प्रश्नच कळेना. "पावन्याला असलं पानी कसं द्यायचं? आन् अर्जात लिवलं व्हतं की समदं."

अर्ज त्यांनी वाचलाच नव्हता. पाणी गोड लागलं होतं, मग वाचायचं कशाला? येसाजीरावांना इतकी लाज वाटली की मान वर करवेना. कात्रण त्यांनी खिशातल्या खिशात चुरगळलं.

मनुबाईने त्यांना घरी नेऊन ओटीवर बसवलं. आतून गुळाचा खडा आणि भरला तांब्या आणला. "तोंड खारट झालं असंल. घ्या, ह्ये चांगलं हाय."

त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि गटागटा रिकामा केला.

"हेही राहीनेच आणलं का?" खाली बघतच त्यांनी विचारलं.

"न्हाय, मीच गेलेली. राही दोन दिस जुलाबानं पडून हाय. तिच्यासाठी आनलं व्हतं."

आतून बारीक आवाज आला, "आये, पानी."

मनुबाईने कोपऱ्यातली कळशी वाकवून पाहिली. मग ती उचलून कमरेवर घेतली आणि विहिरीकडे निघाली.