तटाखालचा दूत

"पुन्हा पाहू नोको," म्हणत सुगतने सीमाच्या हातातला मोबाइल काढून घेतला.

एकदा पाहिला तोच व्हिडिओ जन्माला पुरला असता. सुगतच्या धाकट्या भावाला, अश्विनला, सकाळी अकोल्यात रसवंतीवरून उचललं होतं. सीमाच्या धाकट्या भावाने त्याला उताणं पाडून छातीवर गुडघा रोवला आणि थोरल्याने, चंद्रभानने, लोखंडी पाइपाने त्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या फोडल्या. अश्विन आईला हाका मारत होता. मग चंद्रभान घाम पुसत मोबाइलकडे वळून म्हणाला होता, "आता तुयी बारी, मास्तर."

मास्तर म्हणजे सुगत. अकोल्याच्या एका कॉलेजात तो इतिहास शिकवायचा, सीमा तिथेच ग्रंथालयात होती. महिन्यापूर्वी दोघांनी रजिस्टर लग्न केलं. सीमाच्या घरी जातीवरून आग लागली. तेव्हा सुगतचा शाळेपासूनचा जिगरी, मोतीराम, धावून आला. चांदूर बाजारच्या आपल्या घरात त्याने दोघांना माडीवर ठेवलं, बायकोला माहेरी धाडलं, पुढच्या लोखंडी गेटला कुलूप ठोकलं आणि स्वतः मागच्या दाराशी कुऱ्हाड घेऊन बसला. असा दोस्त मिळायला नशीब लागतं, असं सुगत दिवसातून चारदा म्हणायचा.

"हे आपल्याले कावून पाठवलं असंन?" सीमाने विचारलं.

"आपण भ्यावं म्हणून. असीरियन लोक हेच करत."

आता घ्या! बायको रडते आहे आणि हा निघाला पावणेतीन हजार वर्षं मागे. पण त्याचा स्वभावच तसा होता. भीती वाटली की तो शिकवायला लागायचा. आयुष्यात कोणाला चापट मारली नव्हती, पण असीरियन फौजेवर तासभर बोलायला सांगा, चहाही मागणार नाही.

"एक शहर पडलं की तिथल्या सरदाराईची जित्तेपणी कातडी सोलत. मानसं खांबावर टोचत, वेशीपाशी मुंडक्याईची रास. अन हे सारं दगडात कोरून राजवाड्यात लावत. पाहणारा अर्धा तिथंच मरे. तरी एखादं गाव वाकलं नाही, तर तटाखाली दूत पाठवत. गोड बोलणारा. गावाच्याच बोलीत बोलणारा."

"मंग?"

"मंग ज्याइनं दार उघडलं, ते गेले."

दुपारी तीनच्या उन्हात गल्लीत कुत्रंही नव्हतं. एक जीप येऊन माडीच्या कठड्याखालच्या गेटपाशी थांबली. सीमाचे वडील जानराव उतरले. एकटेच. हातात सब्बल, हातभर लांब लोखंडी पहार.

"सीमा! खाली ये बाई."

सीमा कठड्याकडे धावली. सुगतने तिचा दंड धरला.

"बाबा, तुमी कावून आले?"

"तुमाले न्यायले. तुले बी, जावयाले बी. धारणीले सोडतो चार दिवस. पोराइचं डोकं थंड झालं का संत्र्याच्या बागेतलं घर तुमचं. कोनी बोट लावत नाही."

सुगतने तिचा दंड आणखी घट्ट धरला. बाग! तटाखालचा दूत नेमकं हेच सांगायचा. बाहेर या, तुमच्या बागा तुम्हालाच.

जानरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अन मोतीरामले आवाज देऊ नोका. त्याच्या भरोशावर राहू नोका, पोराहो."

"पाह्यलं?" सुगत पुटपुटला. "आधी लालूच, मंग सोबत्यावरचा इस्वास तोडायचा. हे मी दहा वर्षं शिकवून राह्यलो, सीमा. आता दार फोडतीन."

"माहे बाबा हायेत ते! खोटं बोलत नाहीत बाबा!"

"उघड बाई लवकर, वेळ नाही!" जानराव ओरडले आणि त्यांनी सब्बल कुलपावर हाणली.

पहिल्या घावाला गेट थरथरलं. दुसऱ्याला कडी वाकली. प्रत्येक घाव सुगतला अश्विनच्या गुडघ्यावर बसल्यासारखा वाटत होता. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वजन म्हणून जुन्या जात्याची जड दगडी पेड ठेवलेली होती. सुगतने ती दोन्ही हातांनी उचलली. सीमाने त्याचा हात धरला, ओरबाडलं, मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं. त्याने तिला ढकललं, तशी ती भिंतीवर आपटली. मग त्याने पेड कठड्यावर टेकवली, खाली नेम पाहिला आणि सोडली.

जानरावांना वर पाहायलाही सवड मिळाली नाही. ते गुडघ्यांवर बसले, मग आडवे झाले. डोक्याचा अर्धा भाग आत गेला होता. एक पाय जरा वेळ डांबरावर घासत राहिला. नंतर तोही थांबला.

सीमाच्या तोंडून निघालेली किंकाळी सुगतने आधी कधी ऐकली नव्हती. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण लाजेची गोष्ट अशी की, त्याहून जास्त हायसं वाटलं. कुलूप लोंबत होतं, पण तुटलं नव्हतं. तट शाबूत होता.

तो जिन्यापाशी गेला. "मोतीराम! पुढचं दार राखलं मी! मांगचं पक्कं हाय न बे?"

खाली मागच्या दाराची कडी सरकली. मग पायऱ्यांखाली चार-पाच जणांची पावलं वाजली.

"या न चंद्रभानभाऊ," मोतीराम म्हणाला, "दोघंबी वरच हायेत."