उजवा कौल

गुरवाने देवाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर रामदास जिवंत, डावी पडली तर नाही.

मासेमारीला गेलेला रामदास होडीसकट नाहीसा झाला, तेव्हापासून त्याचे वडील बुधाजी दर सोमवारी हाच कौल लावत. डावी पडली की म्हणत, "वारा होता रे, पुन्हा लाव." उजवी पडली की वारा नसे. त्यामुळे तीन वर्षं देवाच्या मते रामदास ठणठणीत होता, आणि त्याचे दिवस घालायचा विषय काढायची गावात कोणाची छाती नव्हती.

"आज विचारू नका," मागून सून सुगंधा म्हणाली. "त्यांचं कार्य करायचं. मी ठरवलंय."

"देवापेक्षा शहाणी झालीस?"

"नाही बाबा. पण रोज पहाटे ते दारात उभे असतात. नखशिखांत भिजलेले. आत या म्हटलं तर येत नाहीत. म्हणतात, बाबांना विचार, मला अजून किती दिवस जिवंत ठेवणार?"

पाकळ्या अजून चिकटलेल्याच होत्या. बुधाजींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काढ त्या," ते शेवटी गुरवाला म्हणाले.

मग ते बाहेर येऊन पायरीवर बसले. सुनेला जवळ बोलावून त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "थंडी वाजत होती का गो त्याला?"