भिंतीकडचा हात

किटलीचं झाकण थडथडलं, तेव्हा कुठे घरात आवाज झाला. घड्याळ बंद होतं. मंगळवारी संध्याकाळी फिनबारचा काळा सूट इस्पितळात न्यायला ओर्ला घरी आली, तेव्हाच तिने काटे मागे फिरवून चारवर थांबवले होते. तो गेला ती वेळ.

तिने गॅस बंद केला. ऊनाच्या फ्रॉकचं वरचं बटण लावलं आणि डाव्या हाताने तिच्या गालावरचा जॅम पुसला. पोरीने मान मागे घेतली.

"टोचतं, मम्मी."

"थंडीने हात फुटलेत गं. चल, आजी वाट बघतेय."

बाहेरच्या खोलीत फिनबार क्रीडन उघड्या शवपेटीत निजला होता. पेटी भिंतीला चिकटवून ठेवली होती, डावी बाजू भिंतीकडे. दोन्ही हात छातीवर होते. डाव्या हातावर जपमाळेचे पाच वेढे होते.

"अगं, पेटी जरा मधे ओढू या का?" सासूबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "माणसांनी फिरायचं कुठून?"

"खिडकीतून वारा येतो, आई. राहू दे."

"मेलेल्याला कसला वारा!" म्हातारी स्वतःच हसली आणि मग डोळ्यांना रुमाल लावून बसली.

पाच वाजता पेटीवर झाकण लागणार होतं आणि सगळे चर्चकडे निघणार होते. टेकडीवरच्या घंटेने नुकतेच सव्वाचारचे ठोके दिले होते. पाऊण तास. एवढा निभला की झालं. "माझे हात कुणाला दाखवू नकोस," एवढं एकच फिनबारने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. शेवटी शेवटी तर पाहुणा आला की तो हात चादरीखाली सरकवायचा.

गाव येत होतं. यायचं, प्रेताचा हात हातात घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, मग हॅमचं सँडविच आणि चहा. सगळे जवळचा, उजवा हात धरत. ओर्ला उशाशी उभी राहून मोजत होती, आणखी एक गेला.

शेजारची पेग ट्वोमी कप घेऊन तिच्या कानाशी आली. "रागावू नकोस हं. पण मंगळवारी पाचच्या सुमाराला मी दोरीवरचे कपडे काढत होते. तुमच्या मागच्या खोलीत गिटार वाजत होती."

ओर्लाने हातातली बशी टेबलावर ठेवली.

"तोच होता," पेग म्हणाली. "गेल्यावर तासाभराने! दुसऱ्या कुणाला जमणारे का ते? सहा वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय मी. माझ्या अंगावर अजून काटा आहे, हे बघ."

"केक घे, पेग."

"घेते. पण खोलीची खिडकी उघडी ठेव बाई. जाऊ दे त्याला."

दारात गलका झाला. कॉर्मक आला होता. फिनबारचा जुना सोबती, बास गिटार वाजवणारा, डब्लिनहून, ओल्या कोटासकट. सोळाव्या वर्षी दोघं नाचाच्या हॉलमध्ये चकचकीत सूट घालून दुसऱ्यांची गाणी वाजवायचे. पुढे तिघांचा बँड झाला. हॅम्बुर्ग, बेलफास्ट, लंडन, एका गळक्या गाडीत पंधरा वर्षं. गिटारी सुरात लावायला ओर्ला असायची. मग एके दिवशी फिनबारने स्टेज सोडलं ते सोडलंच. नंतरच्या तिन्ही तबकड्या मागच्या खोलीत, दार लावून, एकट्याने भरलेल्या; शेवटची तर दोनच महिन्यांपूर्वी.

"त्या तीनच खऱ्या," कॉर्मक सासूबाईंजवळ वाकून म्हणाला. "आधीचा फिनबार नुसता धावायचा. या तिन्हींत थांबतो. मागे कुणीतरी उभं राहून रडतंय असं वाटतं. मला न बोलावता केल्यास ना, चोरा?" हे तो पेटीकडे बघून म्हणाला. खोली हसली.

ऊना त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याने तिला कडेवर घेतलं.

"तू डॅडीचा मित्र?"

"मित्र कसला, हमाल होतो त्याचा. हे बघ." त्याने डाव्या हाताची बोटं टेबलावर आपटली. टक टक टक. "दगड झालेत की नाही? तारा दाबून दाबून होतात. रोज वाजवणाऱ्याचेच होतात हं. चार महिने गिटार ठेवून दिली की बोटं पुन्हा लोण्यासारखी."

"कॉर्मक, आधी चहा घे," ओर्ला म्हणाली. "गार होतोय."

"होऊ दे. आधी याच्याशी हात मिळवतो." तो पेटीवर वाकला. उजव्या हाताला त्याने स्पर्शही केला नाही. "हा काय कामाचा? सगळी मेहनत त्या पलीकडच्याने केली."

"माळ आहे त्यावर. आईंनी आशीर्वाद देऊन..."

पण त्याने हात लांबवला होता. माळेचे वेढे त्याने हळूच मागे सारले, आणि मित्राची बोटं आपल्या मुठीत घेतली. त्याचा अंगठा एकेका बोटाच्या टोकावरून फिरला, पुन्हा पहिल्यापासून फिरला. त्याने वर बघितलं ते ओर्लाकडे.

वरच्या घंटेने साडेचारचे ठोके दिले.

कडेवरची ऊना खाली वाकली. तिनेही बापाची बोटं चाचपली, एक, दोन, तीन, चार. मग मागे वळून तिने आईचा डावा हात ओढून घेतला आणि बोटांची टोकं पेटीच्या लाकडावर आपटली. टक टक टक.

"मम्मी, तुझे दगड आहेत. मग डॅडीचे का नाहीत?"