नकाशावरचं चंदन

जुनी झाडं वाचवायची, तर ती आधी लोकांच्या नजरेत भरली पाहिजेत, असं नोकरीसाठी नाशिकहून म्हैसूरला आलेल्या यशोधनचं ठाम मत. म्हणून रविवारची झोप मोडून तो गोकुलम वस्तीच्या बागेतल्या झाडांचा नकाशा मोबाईलवर तयार करत होता. बोट लावलं की झाडाचं नाव, फोटो आणि नेमकं ठिकाण कुणालाही दिसावं.

शेवटी कुंपणाजवळचं एक झाड तेवढं उरलं. रोज फिरायला येणारे नरसिंहराव, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे, घाईघाईने म्हणाले, "अय्यो, ते सुम्ने, उगाच वाढलेलं जंगली झाड हो. त्याला कशाला घालता नकाशात? सोडा की."

यशोधनने पानं निरखली आणि तो मनातल्या मनात हसला. अख्खा जन्म म्हैसुरात गेला, आणि यांना चंदन ओळखता येईना! त्याने ते नकाशावर टाकलंच, वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'बागेतलं सर्वांत जुनं चंदन'.

जेवताना त्याची बायको आभा म्हणाली, "चंदन? मग आपल्याला कधी वास कसा नाही आला?"

"उभ्या झाडाला वास नसतो गं. तो आतल्या गाभ्याला असतो. खोड चिरलं, की मगच सुटतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोठ्या कौतुकाने तिला झाड दाखवायला घेऊन गेला.



बागेच्या फाटकातच आभा थबकली. "काहीही सांगतोस हं! इथपर्यंत घमघमाट येतोय की."